परवानगी दरवाजा

शिवनेरीच्या सात दरवाजांपैकी एकाचे नाव ‘परवानगी दरवाजा’. वाटते, असा एक दरवाजा संगणकालाही हवा!

आंबेगाव तालुक्यातील आमच्या घरी आबांना संगणकावर विठाबाईंच्या नारायणगावचा तमाशा पाहायचा होता. पडद्यावर चित्राऐवजी सूचना उमटली : ‘फ्लॅश प्लेअर जुना झाला, नवा उतरवून घ्या.’ आबा म्हणाले, “अगं, मागतोय तर दे की!”

पण मागणारा कोण? फ्लॅश म्हणजे ब्राउझरला बाहेरून दिलेली जोड, प्लग-इन. एके काळी त्याच्याविना अनेक चित्रफिती चालत नसत. पण त्याच्याच फटींतून चोरही शिरत. अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबी कंपनीने त्याला निरोप दिला. आज ब्राउझर चित्रफीत स्वतःच दाखवतो. मग गेलेल्याच्या नावाने दार ठोठावणारा पाहुणा कसा? ऑक्टोबर २०१७ मध्ये रशिया-युक्रेनमध्ये अशाच खोट्या फ्लॅशच्या रूपाने ‘बॅड रॅबिट’ शिरला आणि लोकांच्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागू लागला!

आमच्या त्याच संगणकात नारायणगाव बाजारातील टोमॅटोच्या पट्ट्या आहेत, वडिलांचे बँकेचे व्यवहार आहेत. मी ते पान मिटले. दुसरीकडे तमाशा काहीही न मागता सुरू झाला. ढोलकी कडाडली, आबा खुलले.

घरात महाविद्यालय पाहिलेली मी पहिलीच. “दाब बटन” म्हणणारे पुष्कळ आहेत. “थांबा, आधी विचारू” असे म्हणणारे कुणीतरी प्रत्येक घरात हवे. आमच्या घरात ते काम माझे.