रस्त्यालाही वाफसा असतो

आज पिकाचं नाही, आमच्या एका उद्योगाचं लिहितोय. हसू येईल, पण शेवटपर्यंत वाचा.

आमचा भाग पाटण तालुक्यातला, डोंगराचा. गाव खाली, वर जांभ्याचा सडा, सड्यावर आठ-दहा घरांची वस्ती. मधे अडीच किलोमीटर तांबड्या मातीचा कच्चा रस्ता. एका मित्राने मार्चमध्ये जुनी फोर बाय फोर जीप घेतली. तेव्हापासून त्याचं एकच, "पाऊस पडू दे, मग दाखवतो." जूनअखेर दोन दिवस चांगला पाऊस झाला. भाताचा तरवा अजून लहान होता, लागणीला अवकाश होता. रविवारी चौघं निघालो. जीपवाला, एक गवंडी, एक रिटायर एसटी ड्रायव्हर आणि मी.

चढाच्या आधी ड्रायव्हरने चारी चाकांची हवा कमी करायला लावली. तीसची अठरावर आणली. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, पकड वाढते. मग चारी चाकं जोडून दांडा 'लो'वर टाकला. ट्रॅक्टरचा हाय-लो तसंच हे. वेग कमी, ओढ जास्त.

पहिलं वळण आरामात गेलं. दुसऱ्यावर खरा खेळ. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल उतार, खाली नाचणीचं रान. एक चाक दगडावर चढलं, दुसरं अधांतरी झालं आणि गाडी अडली. अधांतरी चाक गरागरा फिरतंय, टेकलेलं ढिम्म. ट्रॅक्टरवाल्यांना लगेच कळेल. आपण अशा वेळी डिफ लॉकचा पेडल दाबतो. या जीपला ते नव्हतं.

मित्र घाबरला. म्हणाला, "वळवून खाली घेतो." त्याने स्टेअरिंग फिरवलं आणि माझ्या बाजूची चाकं हलकी झाल्याचं मला बसल्या जागी कळलं. मी ओरडलो, "वळवू नको! सरळ मागं घे!" उतारावर गाडी आडवी झाली की पलटी व्हायला वेळ लागत नाही, हे ट्रॅक्टरने मला कधीच शिकवलंय. त्याने स्टेअरिंग सरळ केलं, रिव्हर्स टाकला, क्लचवरचा पाय काढला. इंजिनच्या दमावर जीप मुंगीच्या पावलाने सरळ मागे आली. दहा मिनिटं कुणी बोललं नाही.

तिथंच परत फिरायला पाहिजे होतं. पण चार मित्र एकत्र असले की अक्कल घरी राहते. अजून तीनदा जोर लावला, चाकं जागेवर फिरली, माती उडाली, चौथ्यांदा चढलो. वर वस्तीत पिठलं-भाकरी खाल्ली, फोटो काढले. मर्दुमकी गाजवल्यासारखं खाली आलो.

रात्री पाऊस लागला. सकाळी वरच्या वस्तीवरचा दूध घालणारा पोरगा डेअरीत भेटला. गुडघा सोललेला, कॅन चेपलेला, निम्मं दूध सांडलेलं. म्हणाला, "नाना, दुसऱ्या वळणावर कुणीतरी गाडी नाचवलीया बघा. रस्त्याचा वढा झालाय."

मी गप्प बसलो. खोटं नाही सांगत, त्या वेळी माझं तोंड उघडलं नाही.

दुपारी एकटाच वर चालत जाऊन बघितलं. आमच्या चाकांनी वीतभर खोल दोन चाकोऱ्या पडल्या होत्या. कडेचा पाण्याचा चर आम्हीच तुडवून बुजवला होता. मग पाणी कुठून जाणार? चाकोरीतून सरळ खाली. बारीक मुरूम, माती सगळी वाहून नाचणीच्या रानात.

आणि हाच मी तुम्हाला दरवर्षी सांगतो, उताराला आडवी मशागत करा, पाणी थांबवा, वाफसा आल्याशिवाय रानात ट्रॅक्टर घालू नका. स्वतः मात्र वाफसा नसताना डोंगराला उभी नांगरट करून आलो. रान माझं असतं तर घातली असती का जीप?

संध्याकाळी पोराच्या घरी जाऊन कबूल केलं, दुधाचे पैसे दिले. त्याने घेतले, पण हसला नाही. मंगळवारी आम्ही चौघं कुदळ-फावडी घेऊन वर गेलो. चर मोकळा केला. चाकोऱ्यांत खाली मोठे दगड, वर खडी-मुरूम घालून चोपलं. गवंड्याने रस्त्यावर तीन ठिकाणी तिरके दगडी उंचवटे बसवले, म्हणजे पाणी रस्त्यावर धावत न जाता कडेच्या चरात उतरतं. जीपने चार तासांत केलेलं निस्तरायला आम्हाला दोन दिवस लागले.

जीप वाईट नाही. वस्तीत रात्री कुणी आजारी पडलं तर तीच उपयोगाची. पण आता आमचा नियम ठरलाय. मूठभर माती दाबायची. चिकटून गोळा झाला, टाकल्यावर फुटला नाही, तर चाक घालायचं नाही. रानातही नाही, रस्त्यावरही नाही.

कालच्या पावसात तिन्ही उंचवटे टिकले. पोरगा डेअरीत भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "नाना, अजून एक वरच्या वळणाला पाहिजे."

रविवारी चाललोय. या वेळी पायी.