माळ्यावरच्या बाळंतिणी

दापोली,
श्रावण वद्य पंचमी

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी "हो, बघते" म्हणाले आणि ठेवला. फोनवर तुझ्याशी वाद घालता येत नाही, मध्येच तुझी दुसरी लाइन येते. म्हणून लिहिते. माळ्यावरची वाघळं घालवायला चिपळूणचा माणूस सोमवारी येऊन गेला. शिडी लावून पडवीच्या अंगाने वर चढला, टॉर्च मारला आणि खाली उतरून म्हणाला, "दोन तासांचं काम आहे. धूर करतो, फटी फोमने भरतो. गणपतीला घर एकदम साफ." मी त्याला चहा पाजला, येण्याजाण्याचे पैसे दिले आणि परत पाठवला. रागावू नकोस, आधी पुढचं वाच.

तू सातवीत होतास त्या वर्षी गणपती माजघरातून ओटीवर हलवला होता, आठवतं? तुम्हा मुलांना सांगितलं की भिंतीत उंदीर मेलाय. उंदीर नव्हता. दादाने तुझ्यासारखाच बेत केला होता. माणूस मायाळू, म्हणून त्याने विचार केला की दिवेलागणीला वाघळं बाहेर पडली की मगच फटी बुजवायच्या, म्हणजे एकही आत मरणार नाही. चुना, विटांचे तुकडे, जुनी पोती, सगळं कोंबून रात्री आठाला मोकळा झाला. तीन रात्री त्या पाकोळ्या, म्हणजे आपली बारकी वाघळं, पागोळीखाली घिरट्या घालत होत्या, भिंतीला धडकत होत्या. आम्हाला वाटलं, सवयीने येतात. पाचव्या दिवशी आरतीला उभं राहवेना. दादाने तक्तपोशीची फळी काढली तेव्हा मी खाली कंदील धरून होते. आत पिल्लं होती. बोटाच्या पेराएवढी, अंगावर नीट लव नाही, एकमेकांना चिकटलेली. दादा खाली उतरला आणि न जेवता झोपला. पुढे या विषयावर तो कधी बोलला नाही, आणि फटी मात्र त्यानेच पुन्हा उकरल्या.

तर सांगायचं ते एवढंच, की सध्या वर बाळंतिणी आहेत. नारळीपौर्णिमेच्या आसपास झाली पिल्लं. ती उडायला लागेपर्यंत महिना-सव्वा महिना जातो. तोवर आई रात्री चरायला जाते आणि पिल्लं घरात ठेवते, तुमच्याकडे ठेवतात तशीच. भाडेकरूला घर सोडायला सांगायचंच असेल तर निदान बाळंतीण उठू द्यावी.

मला त्यांचं कौतुक आहे असं समजू नकोस. वास येतो, अगदी खरं आहे. मागच्या वर्षी मखराच्या कापडावर लेंड्या पडल्या तेव्हा मीही शिव्या घातल्या. पण इतकी वर्षं एकत्र राहिल्यावर माणूस बघायला लागतो. एक लेंडी काडीने चिरडून बघ. उंदराची कडक असते, मोडत नाही. पाकोळीची लगेच भुगा होते आणि भुग्यात चमचम दिसते, किड्यांच्या पंखांचे नि पाठींचे तुकडे असतात ते. तासाला हजार डास खातात असं हल्ली सगळीकडे छापलेलं असतं. मी काही मोजायला गेले नाही. पण ती चमचम मी डोळ्यांनी बघितली आहे. लेंडी ओली करून, मातीत कालवून अबोलीला घालते.

वजन किती असेल म्हणतोस? दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमचं असतं. आपली पाकोळी बहुधा त्याहून हलकीच. एवढ्याशा जिवाला घाबरून तू लहानपणी रॅकेट घेऊन पलंगावर चढायचास. खोलीत शिरलीच तर पंखा बंद करायचा, दिवा मालवायचा, खिडकी उघडायची आणि आपण बाहेर यायचं. दहा मिनिटांत जाते. केसांत अडकते वगैरे आजीच्या गोष्टी. अंधारात आवाजाच्या प्रतिध्वनीवर जी डास टिपते तिला तुझं डोकं दिसणार नाही होय? मी शाळेत हा धडा शिकवताना ग्रिफिनचं नाव सांगायची. 1938 साली अमेरिकेत त्याने यंत्र लावून दाखवलं, की आपल्याला ऐकू येत नाही असा आवाज ही काढत असतात. गंमत म्हणजे दुपारी माळ्यावर त्यांची जी चिरचिर चालते ती मला लहानपणी लख्ख ऐकू यायची. आता शेजारची सात वर्षांची पोर म्हणते, "आजी, केवढी भांडतायत!" आणि मला काहीच नाही.

आजीची दुसरी गोष्ट, वाघूळ ज्या तोंडाने खातं त्याच तोंडाने विधी करतं. पडवीत पेरू आणून खाणारं ते मोठं, कुत्र्याच्या तोंडाचं, ते वेगळं, फळखाऊ. त्याच्यावर मी एका रात्री टॉर्चला लाल कागद गुंडाळून पाळत ठेवली. विधीची वेळ आली तशी त्याने अंगठ्यांची नखं वाशात रुतवली, पाय सोडले, सुलटं झालं, काम उरकलं आणि पुन्हा उलटं. आजी असती तर तिला दाखवलं असतं. या फळखाऊंना 1972 च्या वन्यजीव कायद्याने उंदीर आणि कावळ्यांच्या पंगतीला बसवलं होतं, उपद्रवी म्हणून. 2022 च्या दुरुस्तीत ती पंगतच उठवली. पडवीच्या भिंतीवरचे डाग मात्र मलाच पुसावे लागतात.

केतकीने निपा विषाणूचं विचारलं, आणि ते विचारायलाच हवं होतं. 2018 साली केरळात कोळिकोडला त्याने माणसं दगावली. तो विषाणू बाळगतात ती झाडांवर लटकणारी मोठी फळखाऊ वाघळं. पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने महाबळेश्वरच्या गुहेतली वाघळं तपासली, त्यांत निपाच्या खुणा सापडल्याचं 2021 साली जाहीर झालं, आणि त्यात आपल्या पाकोळ्यांच्या भावकीतली एक बारकी जातही होती. म्हणून "आपली बारकी, निरुपद्रवी" असं मी तिला सांगणार नाही. उष्टावलेलं फळ पोरांनी उचलायचं नाही. आपण काजूच्या बागेत वाघळांनी टाकलेल्या बिया ओच्यात गोळा करायचो, आता मी चिमट्याने उचलते आणि हात धुते. लेंडी सुकी झाडायची नाही, फिनेलचं पाणी शिंपडून, नाकाला फडकं बांधून मगच काढायची. उघड्या हाताने कुणाला धरायचं नाही. चावलंच तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर.

आता बेत. माजघरावरच्या तक्तपोशीखाली मी नवी ताडपत्री ताणून घेतली आहे, मखर सुरक्षित. मुलांची अंथरुणं ओटीवर. दिवाळी झाली की सुताराला बोलावू. माजघरावरच्या फटीवर बाहेरून नायलॉनची जाळी सोडायची, वरून घट्ट आणि खालून मोकळी. आतलं घसरत खाली येऊन बाहेर पडतं, परत येताना त्याला वाट सापडत नाही. चार-पाच रात्री तशी ठेवून, आत कोणी नाही याची खात्री करून मग फट बुजवायची. पडवीच्या टोकाची फट मात्र उघडी राहील. तिथे खाली कोणी झोपत नाही, आणि तेवढा माझा वाटा आहे घरात असं समज. तू म्हणालास ती लाकडी पेटीही टांगू, पण तिच्यात जातीलच याची हमी देत नाही. त्यांना पसंत पडायला हवी.

केतकीला आणि मुलांना आशीर्वाद. येताना जाळी पुण्याहूनच आण, बारीक भोकांची. इथे मिळते ती मासळीची, तिच्यात अडकतील.

तुझी,
आत्या

ता. क. रोज दिवेलागणीला पायरीवर बसून चिंचोक्यांवर मोजते, एक बाहेर पडली की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. काल 63. आज पाऊस होता, 58 वर थांबले, मग अंधारात दिसेना.