बाय टू कॉफी

आम्ही सोलापूरची माणसं प्रवासाला निघालो की सामानात एक पिशवी जास्तीची असतेच. तिच्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे आणि वर फडक्यात बांधलेलं लोणचं. चार दिवस जायचं असलं तरी शिदोरी आठ दिवसांची! लेकीला बेंगळुरूला नोकरी लागली आणि तिची खोली लावून द्यायला आम्ही निघालो, तेव्हाही ही पिशवी बरोबर होती. ती माझ्या सासूबाईंनी भरली होती. त्यांना आम्ही सगळेच 'अव्वा' म्हणतो. त्यांचं माहेर अक्कलकोटचं, घरात कन्नड बोलणारं. वय बहात्तर. उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर त्यांनी पहिलीच घोषणा केली, "मी बाहेरचं खाणार नाही. तुम्ही खुशाल खा."

यामागे सोवळं-ओवळं काही नव्हतं. अव्वांच्या पिढीत हॉटेल ही पुरुषांनी जायची जागा होती. सासरे हॉटेलात चहा पीत, आणि फार तर घरी कागदात बांधलेली भजी आणत. लग्नानंतर एकदाच ते अव्वांना हॉटेलात घेऊन गेले. तिथे 'फॅमिली रूम' होती, म्हणजे पडदा लावलेला लाकडी खण. त्या पडद्याला पंधरा माणसांनी हात पुसलेले होते, एवढंच अव्वांना त्या प्रसंगातलं आठवतं. काय खाल्लं ते आठवत नाही.

पहिल्या संध्याकाळी आमचीही फजितीच झाली. आम्ही बसवनगुडी भागात गांधी बाजाराजवळच्या एका साध्या लॉजमध्ये उतरलो होतो. यांनी काउंटरवरच्या माणसाला विचारलं, "इथे चांगलं हॉटेल कुठे आहे?" त्यानं एक कार्ड काढून दिलं. तासभर रिक्षात बसून आम्ही त्या झगमगीत ठिकाणी पोचलो. पाऊण तास बाहेर उभं राहिल्यावर टेबल मिळालं, आणि पानात आलं तेच पनीर आणि तीच नान, जी सोलापुरात कोणत्याही लग्नात मिळते. अव्वांनी दहीभात चिवडला. बिल पाहून यांनी मानच खाली घातली. परत आल्यावर पिशवी उघडली गेली आणि सगळ्यांनी गुपचूप भाकरी-चटणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन शोधत गेलो. १९४३ साली सुरू झालेलं, मसाला डोशासाठी नावाजलेलं हॉटेल. तर दाराला कुलूप! वार शुक्रवार, आणि त्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. बेंगळुरूच्या जुन्या हॉटेलांचं हे आधीच सांगून ठेवते. प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा, आणि काही ठिकाणी दुपारी मधले काही तास चूल बंद असते. सकाळी सात ते दहा आणि दुपारी चारनंतर ही त्यांची खरी वेळ. निघण्याआधी विचारून घेतलं तर आमच्यासारखी पायपीट होणार नाही.

यांचा चेहरा उतरला. पण अव्वा फुटपाथवरच्या फुलवालीपाशी जाऊन बसल्या. शेवंतीच्या माळा हातावर मोजल्या जात होत्या. अव्वांनी आपल्या अक्कलकोटी कन्नडमध्ये तिला विचारलं, "तू रोज तिंडी कुठं खातेस गं?" तिंडी म्हणजे नाश्ता. यांच्या आणि अव्वांच्या प्रश्नात एवढाच फरक होता. यांनी विचारलं होतं, चांगलं कुठे मिळतं. अव्वांनी विचारलं, तू कुठे खातेस. फुलवालीनं हात करून रस्ता दाखवला आणि वर हसून म्हणाली, "तुमची भाषा उत्तरेकडची!" अव्वांच्या वाक्यावाक्यात येणारा 'री' बेंगळुरूच्या लोकांना मोठा गमतीचा वाटतो, हे पुढचे चार दिवस आम्ही पाहत होतो.

तिनं पाठवलं ते शंकरपुरमला, ब्राह्मिन्स कॉफी बारमध्ये. १९६५ पासूनची ही जागा. जागा म्हणजे काय, एक खिडकी आणि पुढे रस्ता. फलकावर मोजकेच पदार्थ : इडली, वडा, खारा बाथ, केसरी बाथ, कॉफी, चहा. खारा बाथ म्हणजे आपल्या तिखटमिठाच्या सांज्याचा भाऊ, आणि केसरी बाथ म्हणजे शिऱ्याचा. इथे सांबार मिळत नाही. मिळते ती पातळ हिरवी खोबऱ्याची चटणी, आणि ती कितीही वेळा घ्या. साडी नेसलेल्या बायका, ऑफिसची बॅग खांद्याला लावलेली मुलं, फिरून आलेले म्हातारे, सगळे ताटली हातात घेऊन रस्त्यावरच उभे. हे कुरकुरले, "उभ्यानं खायचं? अव्वांना कसं जमेल?"

अव्वांनी तोवर कडेचा एक कट्टा गाठला होता. एक इडली त्यांनी 'चवीपुरती' घेतली. दुसऱ्यांदा चटणी हवी झाली तेव्हा मी उठत होते, तर त्या स्वतःच ताटली घेऊन खिडकीशी गेल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चटणी कोड्री!" पाचपन्नास माणसांत, रस्त्यावर उभं राहून मागून खाणाऱ्या अव्वा मी लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

शनिवारी पहाटे लालबागेत गेलो. तिथला काचमहाल १८८९ सालचा. बागेतला खडक तीनशे कोटी वर्षांचा, अशी पाटी आहे. अव्वा त्या खडकावर हात टेकून म्हणाल्या, "मग मी तरुणच आहे की!" बागेच्या मुख्य दरवाज्यापासून जवळच मावळ्ळी टिफिन रूम्स, म्हणजेच एमटीआर. हे नाव तुम्ही गुलाबजामच्या पाकिटावर नक्की वाचलं असेल. १९२४ साली उडुपीकडच्या मय्या बंधूंनी हे हॉटेल काढलं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा रव्याची इडली प्रथम इथे झाली असं ते सांगतात. पाकिटांची कथा आणखी गमतीची आहे. १९७५ च्या आणीबाणीत सरकारनं हॉटेलांतल्या पदार्थांचे दर बांधून दिले. त्या दरात साजूक तूप परवडेना, आणि तूप कमी करायला मालक तयार नव्हते. रोजचा तोटा किती झाला, ते म्हणे दारावर लिहून लावत. शेवटी हॉटेल बंद ठेवावं लागलं. मग हाताखालच्या माणसांना काम हवं म्हणून तयार पिठं बांधून विकायला सुरुवात झाली. तो पाकिटांचा व्यवसाय २००७ साली परदेशी कंपनीकडे गेला, हॉटेल मात्र घरच्यांकडेच राहिलं.

इथे थांबावं लागतं. नाव लिहून घेतात, वरच्या खोलीत बाकांवर बसवतात आणि बोलावतात. पण या थांबण्यात पहिल्या रात्रीसारखा त्रास नव्हता. शेजारी बसलेल्या बाई नातवाला घेऊन आल्या होत्या, आणि त्यांच्या आजोबांनीही त्यांना इथे असंच आणलं होतं. डोशाबरोबर छोट्या वाटीत वेगळं तूप आलं. रवा इडलीबरोबर बटाट्याचा रस्सा. आम्ही चौघांत तीनच पदार्थ मागवले आणि वाटून खाल्ले. पोटभर एकाच ठिकाणी खाऊ नका, हे माझं सगळ्यांना सांगणं आहे. पोटात कोपरा राहिला तर संध्याकाळी दुसरं दार उघडता येतं.

संध्याकाळी विद्यार्थी भवन उघडं सापडलं. दारात ही गर्दी! आत भिंतींवर कन्नड साहित्यिकांची रेखाचित्रं. पांढरं धोतर नेसलेले वाढपी एका हातावर डोशांच्या बशांची उतरंड रचून येतात. डझनभर बशा, आणि एकही हलत नाही. डोसा आपल्याकडच्या कागदी डोशासारखा नाही, जाडसर, वरून तांबूस कुरकुरीत आणि आतून मऊ. सोबत फक्त चटणी.

इथे टेबल तुमच्या एकट्याचं नसतं. जागा रिकामी झाली की मालक बोट दाखवतो, आणि तुम्ही अनोळखी माणसांसमोर बसता. आम्हाला दोन-दोन जागा मिळाल्या. लेक आणि हे एकीकडे. अव्वा आणि मी दुसरीकडे, समोर दोन परके पुरुष. मला पडद्याचा खण आठवला. अव्वांनी पदर सावरला आणि ताठ बसल्या. समोरचे वयस्कर गृहस्थ थोड्या वेळानं म्हणाले, "याव ऊरु?" कोणतं गाव? अव्वा म्हणाल्या, "सोल्लापुर." गृहस्थांनी बशी बाजूला सारून हात जोडले. "सिद्धरामेश्वरांचं गाव!"

आपण सिद्धेश्वरांची जत्रा पाहतो, तलावावर फिरायला जातो. पण बाराव्या शतकातले हे वचनकार कर्नाटकात घरोघरी ठाऊक आहेत, याची कल्पना मला तरी नव्हती. पुढची पंधरा मिनिटं अव्वा आणि ते गृहस्थ जत्रेतल्या नंदीध्वजांबद्दल बोलत होते. मला अर्धं कळलं, अर्धं नाही. डोसा मात्र गार होऊ दिला नाही दोघांनीही. उठताना त्यांनी आम्हाला जवळचीच एक जागा सांगितली. खायची नव्हे, पाहायची. लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ साली काढलेली गोखले सार्वजनिक विचार संस्था. गोखले म्हणजे आपले गोपाळ कृष्ण गोखलेच. बुल टेंपल रस्त्यावर ती पाटी वाचताना यांना पहिल्यांदा वाटलं की आपण परक्या गावात नाही.

रविवार लेकीचा. तिची ओढ नव्या कॅफेकडे. इंदिरानगरातल्या एका जुन्या बंगल्यात ती आम्हाला घेऊन गेली. आंब्याखाली टेबलं, वेताच्या खुर्च्या, कॉफीच्या फेसावर काढलेलं पान. अव्वांनी विचारलं, "हे पिंपळाचं की विड्याचं?" दर ऐकून यांनी पुन्हा मान खाली घातली. पण खरं सांगते, मला ती जागा आवडली. एका कपावर दोन तास बसलो आणि कुणी उठवायला आलं नाही. नव्या गावात एकट्या राहणाऱ्या मुलीला अशी एक खुर्ची लागतेच. फळ्यावर कॉफीच्या मळ्यांची नावं होती, चिकमगळूरची, कोडगूची. देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातच पिकते.

लेक कामाची काही खरेदी करायला गेली, तेव्हा आम्ही दोघं चर्च स्ट्रीटवरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये जाऊन आलो. हे आधी एम. जी. रोडवर होतं, २००९ मध्ये इथे आलं. कॉफी बोर्डानं आपली कॉफीगृहं बंद करायला घेतली, तेव्हा बेकार होणाऱ्या कामगारांनी १९५७ साली बेंगळुरूतच पहिली सहकारी संस्था काढली. तुरेवाले फेटे बांधलेले वाढपी म्हणजे एका अर्थी मालकच. आम्लेट बरं होतं, कॉफी यथातथा. पण तुरे पाहायला जावं.

अव्वांना मात्र आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची 'दर्शिनी' भावली होती. उभं राहून, आपलं आपण घेऊन खायची ही छोटी हॉटेलं. १९८३ मध्ये जयनगरला पहिली निघाली आणि मग गावभर पसरली. स्टीलचे उंच टेबल, सगळं डोळ्यांसमोर शिजतं, दर कमी. तिथेच आम्ही 'बाय टू' शिकलो. एक कॉफी दोघांत, दोन पेल्यांत. आपल्या कटिंग चहासारखं, पण यात जोडीदार लागतो. तीन दिवस अव्वा माझ्याबरोबर बाय टू घेत होत्या. पूर्ण पेला मागवू म्हटलं तर म्हणत, "नको, माझ्या एकटीसाठी कशाला?"

सोमवारी रात्रीची परतीची गाडी. सकाळी सहाला जाग आली तर अव्वांची खाट रिकामी. न्हाणीघरात नाहीत, जिन्यात नाहीत. हे अनवाणीच खाली धावले. काउंटरवरचा माणूस झोपेतच म्हणाला, "आजी बाहेर गेल्या." लेकीला फोन करावा की नको, असं चाललं असताना अव्वा जिना चढून वर आल्या. केसांत शेवंती.

"कुठं गेला होतात, अव्वा?" यांचा आवाज चढला होता.

"कापी प्यायला."

"एकट्याच?"

"आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, मग चिठ्ठी घेऊन तिकडं जायचं. अवघड काही नाही त्यात." त्यांनी चपला काढल्या. "बाय टू नव्हती सांगितली. आख्खी प्यायले."

मी सामान आवरायला घेतलं तर शिदोरीची पिशवी हलकी लागली. कडक भाकरीची चवड गेली होती, चटणीचा डबाही नव्हता. मी अव्वांकडे पाहिलं.

"फुलवालीला दिल्या," त्या म्हणाल्या. "तिनं विचारलं, तुम्ही घरी काय खाता."