राजधानीला सिनेटर नाही

अमेरिकेचं नागरिकत्व घेणाऱ्याला तोंडी परीक्षा द्यावी लागते. प्रश्नसंच आधीच जाहीर असतो, त्यामुळे वॉशिंग्टन डी.सी.त राहणारा मराठी माणूसही ऑफिसला जाता-येता मेट्रोत उत्तरं पाठ करतो. वसाहतींनी ब्रिटनपासून स्वातंत्र्य का जाहीर केलं? प्रतिनिधित्वाशिवाय लादलेले कर, हे एक मान्य उत्तर. तुमच्या राज्याच्या एका सिनेटरचं नाव सांगा. इथे अधिकृत उत्तरपत्रिकेतच खास सूचना आहे : डी.सी.च्या रहिवाशांनी 'आम्हाला सिनेटर नाही' असं सांगावं.

सत्ता जनतेच्या संमतीतून येते आणि संमतीशिवाय कर घेता येत नाही, हे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकात मांडलं. थॉमस जेफरसनने 1776च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात संमतीचं हेच तत्त्व नव्या देशाचा पाया म्हणून लिहिलं. तो जाहीरनामा याच शहरात, राष्ट्रीय अभिलेखागारात काचेआड ठेवलेला आहे.

मग त्याच शहराला सिनेटर का नाही? 1783 मध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सभागृहाला वेढा घातला आणि पेनसिल्व्हेनिया राज्य मदतीला आलं नाही. राजधानी कुठल्याही राज्याच्या मर्जीवर नको, असं घटनाकारांनी ठरवलं. म्हणून ती कुठल्याच राज्यात नाही, आणि सिनेटर मिळतात ते फक्त राज्यांना. त्यांची भीती खरी होती. पण आज इथे सुमारे सात लाख लोक राहतात, वायोमिंग राज्यापेक्षा जास्त. वायोमिंगला दोन सिनेटर आहेत. डी.सी.च्या वाट्याला प्रतिनिधिगृहात एक सदस्य, त्यालाही विधेयकाच्या अंतिम मतदानात मत नाही.

राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क मिळाला तो 1961च्या घटनादुरुस्तीने, आणि महापौर निवडण्याचा 1973च्या कायद्याने. तरीही शहराने केलेला कायदा काँग्रेस रद्द करू शकते. 2023 मध्ये सुधारित फौजदारी संहितेचं तेच झालं. दिल्लीतही पोलीस केंद्राच्या हाती आहेत, पण दिल्लीकर लोकसभेत सात खासदार पाठवतात.

डी.सी.करांनी हे मुकाट्याने सोसलेलं नाही. 2000 सालापासून गाड्यांच्या नंबरप्लेटवर प्रतिनिधित्वाशिवायच्या करांविरुद्धची घोषणा छापलेली असते. 2016च्या सार्वमतात सुमारे 86 टक्के मतदारांनी राज्याच्या दर्जाला कौल दिला. तसं विधेयक प्रतिनिधिगृहाने 2020 आणि 2021 मध्ये मंजूरही केलं. सिनेटने ते मतदानाला घेतलंच नाही.

कर भरणाऱ्या नागरिकाला काँग्रेसमध्ये मत नाकारणं हा अन्याय आहे आणि सिनेटच्या संमतीशिवाय तो दूर होणार नाही. इतर राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी मतदारांना दोन-दोन सिनेटर आहेत. या प्रश्नावर तुमची भूमिका काय, हे त्यांनी आपल्या सिनेटरना जरूर विचारावं.