मुकं तळं

शेततळं स्वभावानं अबोल. विहिरीला झरे असतात, ओढ्याला खळखळ असते; याच्या अंगी स्वतःचं काहीच नाही. पाणीसुद्धा उसनं. दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भांडगावसारख्या गावात, कालव्याचं आवर्तन लांबलं की उभं पीक याच्याच तोंडाकडे बघतं. २०१६ साली सरकारनं ‘मागेल त्याला शेततळे’ म्हटलं आणि राज्यभर याची भावंडं वाढली.

अंगावर ५०० मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा कागद. सगळी अब्रू त्याच्यावर. वैरीही बारीकच: उंदीर, खेकडा, पाण्याला आलेल्या कुत्र्याची नखं, अंथरताना खाली राहिलेला टोकदार खडा, पाइपाभोवतीचा कच्चा जोड. जखम झाली तरी तळं ओरडत नाही. नुसतं खंगत जातं. वर उन्हाळ्यात ऊनही पाणी पितंच. मग नेलं कुणी, उन्हानं की भोकानं?

याचा निवाडा बादली करते. पाण्यानं भरून ती काठालगत तळ्यातच टेकवायची. आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खूण करायची, मोटार बंद ठेवायची आणि २४ तास थांबायचं. दोन्हीकडे सारखं उतरलं तर उन्हाचं काम. तळं जास्त उतरलं तर गळती. ३० बाय ३० मीटरच्या भरल्या तळ्यात जास्तीचा एक सेंटिमीटर म्हणजे ९ हजार लिटर पाणी.

गळती ठरली की घाईनं पुन्हा भरू नये, उतरू द्यावं. ज्या रेषेवर उतरणं मंदावतं, तिथं किंवा तिच्या जरा वर चारही बाजूंनी कागद चाचपावा. उतरणं थांबलंच नाही, तर दुखणं तळात. संशयाच्या जोडापाशी संथ पाण्यात थोडं रंगीत पाणी सोडावं. भोक मोठं असेल तर रंग तिकडे ओढला जातो. बाहेरून भरावाच्या पायथ्याची ओलही पाहावी.

मोठ्या तळ्यांवर जाणकार विजेनंही शोध घेतात. कागद वीज अडवतो, पाणी वाहून नेतं. एक टोक पाण्यात, दुसरं बाहेरच्या मातीत ठेवलं की वीज भोकातूनच वाट काढते आणि मापक ती जागा दाखवतं. मोटारीची वायर घेऊन हा प्रयोग कुणी करू नये, जीव जाईल.

भोक सापडलं की जागा धुऊन, कोरडी करून त्याच जातीच्या कागदाचं ठिगळ गरम हवेनं चिकटवतात. तेव्हा पाणी घटलं म्हणून लगेच कागदवाल्याशी भांडू नका आणि सगळं तळंही उपसू नका. आधी एक दिवस बादली ठेवा.