मौनाच्या उपासक सायक्सबाई

घोडबंदर रोडवरील कोणत्याहि मोठ्या वाणसामानाच्या दुकानांत गेलें असतां ओट्सच्या पाकिटावर रुंद कांठाची टोपी घातलेल्या एका हंसतमुख वृद्धाचें चित्र दिसतें. पाकिटावर नांव असतें 'क्वेकर', आणि आपल्यांतील बहुतेकांचा या शब्दाशीं परिचय न्याहारीच्या वाटीपलीकडे जात नाहीं. वास्तविक त्या कारखान्याचा क्वेकर पंथाशीं कसलाहि संबंध नाहीं. प्रामाणिकपणाविषयीं त्या पंथाचा जो लौकिक होता तो आपल्या मालास लाभावा, म्हणून अमेरिकेंतील व्यापाऱ्यांनीं १८७७ सालीं हें नांव उचललें. पंथाचे लोक स्वतःस 'मित्रांचा समाज' म्हणवितात. त्या समाजांतील एका विदुषीनें आपलें सारें कर्तेपण आपल्या देशांस वाहिलें, आणि त्यांतील कित्येक वर्षें वर्ध्याजवळ सेवाग्रामास काढलीं. मार्जरी सायक्स हें त्यांचें नांव.

आम्हां ठाणेकरांस ख्रिस्ती धर्म अपरिचित नाहीं. मासुंदा तलावाकांठचें सेंट जॉन बॅप्टिस्टचें चर्च आणि खाडीपलीकडील वसईचीं चर्चें यांमुळें घंटा, मेणबत्त्या, मूर्ति व मिरवणुका हीं त्या धर्माचीं लक्षणें आपण लहानपणापासून पाहत आलों. क्वेकर पंथ अगदीं दुसऱ्या टोकास आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स या तरुणानें तो स्थापिला. त्याच्या मूळ रीतींत पुरोहित नाहीं, वेदी नाहीं, बाप्तिस्म्याचा विधीहि नाहीं. मंडळी एका साध्या खोलींत जमते व स्तब्ध बसते. कोणास अंतःप्रेरणेनें बोलावेंसें वाटलें तर तो चार शब्द बोलतो. नाहीं तर तासभर स्तब्धता पाळून, एकमेकांचा हात हातीं घेऊन, सारे घरोघर जातात. प्रत्येक मनुष्याच्या ठायीं ईश्वराचा प्रकाश आहे, हा त्यांचा मूळ सिद्धान्त. तो मानला म्हणजे मध्यस्थ उरत नाहीं, आणि उपासनेंत स्त्रीपुरुषभेदहि उरत नाहीं. धर्मसभेंत बोलण्याचा स्त्रियांस अधिकार आहे, असें प्रतिपादणारी पुस्तिका मार्गारेट फेल या क्वेकर बाईनें १६६६ सालीं लिहिली.

मौन आपणांस नवें नाहीं. मुनीचा भाव तें मौन, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ति. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत शारीर, वाङ्मय व मानस असे तपाचे तीन प्रकार सांगतांना मौनाची गणना वाणीच्या तपांत न करतां मनाच्या तपांत केली आहे, हें विचार करण्याजोगें आहे. तोंड मिटणें हें मौन नव्हे, मन निवणें हें मौन. फरक एवढाच कीं, आपलें मौन बहुधा एकट्याचें, अरण्यांतलें किंवा देवघरांतलें. क्वेकरांचें मौन मंडळीचें. विद्वान व अडाणी, धनी व चाकर एका बांकावर बसून तें पाळतात.

सायक्सबाईंचा जन्म १९०५ सालीं यॉर्कशायरमधील मेक्सबरो येथें झाला. वडील शाळामास्तर, आणि आसपासची वस्ती कोळशाच्या खाणींत राबणाऱ्यांची. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजांत इंग्रजी वाङ्मयाचें उच्च शिक्षण घेऊन १९२८ सालीं त्या मद्रासच्या बेंटिंक हायस्कुलांत शिक्षिका म्हणून आल्या. क्वेकर पंथाचा त्यांनीं स्वीकार केला तो हिंदुस्थानांत आल्यानंतरच. पुढें शांतिनिकेतनांत राहून त्यांनीं बंगाली भाषा आत्मसात् केली, रवींद्रनाथांचीं नाटकें इंग्रजींत आणलीं, आणि बनारसीदास चतुर्वेदी यांच्यासह दीनबंधु अँड्र्यूज यांचें चरित्र लिहिलें. एवढ्या विद्वत्तेच्या बळावर एखाद्या विद्यापीठांत मानाची जागा मिळविणें त्यांस अवघड नव्हतें. त्या सेवाग्रामास गेल्या.

१९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षणपरिषदेंतून जी 'नयी तालीम' निघाली, तिचें सेवाग्राम हें केंद्र. आर्यनायकम् व आशादेवी या दांपत्यानें तें वाढविलें, आणि गांधीजींच्या पश्चात् सायक्सबाई तेथें शिक्षक तयार करण्याचें काम पाहूं लागल्या. सूत, शेत, स्वयंपाक व सफाई यांतूनच गणित, शास्त्र व नीति शिकवावयाची, हें तेथलें सूत्र. आणि सफाईंत संडाससफाईहि आली. आमच्या पेशांत फळा पुसण्याचें कामसुद्धां मास्तर मुलांवर सोंपवीत असत. केंब्रिजच्या विदुषीनें शिक्षकांच्या हातीं पुस्तकाबरोबर झाडू देणाऱ्या शाळेंत मन रमवावें, याचें मोल मास्तरकींत जन्म घालविलेल्या माणसास विशेष कळतें.

सेवाग्रामानंतर निलगिरींतील कोटागिरीस राहून त्यांनीं हेंच काम चालविलें. १९६४ सालीं नागप्रदेशांत शस्त्रसंधि झाली, तेव्हां ती टिकावी म्हणून झटणाऱ्या शांतिनिरीक्षकांत त्या होत्या. उतारवयांत त्या मध्य प्रदेशांत होशंगाबादजवळ रसूलिया येथील क्वेकरांच्या ग्रामीण केंद्रांत येऊन राहिल्या. विनोबांच्या आठवणींचें कालिंदीबाईंनीं केलेलें संकलन त्यांनीं इंग्रजींत उतरविलें, तें १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. दुसऱ्याच वर्षीं इंग्लंडांत त्यांचें निधन झालें.

होशंगाबादकडील क्वेकर मंडळी मात्र त्यांच्याहून जुनी. रेचल मेटकाफ ही पहिली क्वेकर मिशनरी बाई १८६६ सालीं काशीस आली, पुढें होशंगाबादेस गेली, आणि अखेरच्या वर्षांत शरीर पांगळें झालें असतांहि अनाथ मुलांचा सांभाळ करीत १८८९ सालीं निवर्तली. त्यानंतरच्या दुष्काळांत पोरकीं झालेलीं पुष्कळ मुलें मिशनच्या आश्रयास आलीं, आणि नर्मदेच्या खोऱ्यांतील खेड्यापाड्यांत एक लहानशी ख्रिस्ती मंडळी वाढली. येथें आमच्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणतों. भुकेल्यास अन्न द्यावें आणि त्याबरोबर धर्महि द्यावा, हें योग्य काय, असा प्रश्न ते करतील. आणि तो प्रश्न अन्यायाचा नाहीं. रेव्हरंड टिळकांनीं १८९५ सालीं धर्मांतर केलें तेव्हां लक्ष्मीबाईंच्या घरावर कोसळलेलें दुःख मराठी घरें अजून विसरलेलीं नाहींत. पण सायक्सबाईंचा मार्ग निराळा होता. मिशनच्या त्या कालखंडाचा इतिहास त्यांनीं स्वतः १९८० सालीं लिहिला; आणि त्यांची स्वतःची हयात मात्र ज्या शाळांत व आश्रमांत गेली तेथें सर्व धर्मांची प्रार्थना होत असे. ख्रिस्तावरील निष्ठा त्यांनीं सोडली नाहीं, व ती दुसऱ्यावर लादलीहि नाहीं. अशी निष्ठा परधर्मीयाची असली तरी आदरणीयच होय.

आतां या चरित्राचा आपल्या घरांशीं संबंध काय, तें सांगतों. पहिल्या क्वेकरांनीं इंग्लंडांत एक विलक्षण हट्ट धरला होता. त्या काळीं थोरास बहुवचन व हलक्यास एकवचन अशी रीत तेथेंहि होती. राजास व चाकरास एकच संबोधन योजावें, कोणापुढें टोपी काढूं नये, न्यायासनासमोर शपथ घेऊं नये, कारण नित्य खरें बोलणाऱ्यास शपथेचें काय प्रयोजन, अशी त्यांची भूमिका. आणि यासाठीं त्यांनीं तुरुंगवास सोसला. आपल्या घरांत पंचविशींतील बँकेच्या अधिकाऱ्यास 'अहो' म्हणतात आणि साठीची भांडीवाली 'अगं' असते. अलीकडे तिला 'मावशी' म्हणण्याची चांगली चाल पडली आहे. परंतु कित्येक घरांत मावशीचा चहाचा पेला अद्यापि वेगळा, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवलेला असतो.

आमच्या इमारतीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेंत गतवर्षीं असा ठराव आला कीं, घरकामास येणाऱ्या बायांनीं मोठी लिफ्ट वापरूं नये, सामानाच्या लिफ्टनें जावें. या बाया मानपाड्याच्या व येऊरच्या बाजूच्या पाड्यांतून पहांटे निघून येतात. ठराव मांडणारे गृहस्थ सुविद्य. नित्य पूजा केल्यावांचून ते बाहेर पडत नाहींत. दहा मिनिटें गलका झाला, हात वर झाले, आणि ठराव पास झाला. विरुद्ध हात तीन; त्यांत आमचा एक. सभा संपली, कोणाचें मन वळलें नाहीं, कीं कोणीं तें तपासूनहि पाहिलें नाहीं.

क्वेकरांच्या कारभाराची सभा उपासनेसारखीच मौनानें सुरू होते, आणि तींत मतें मोजीत नाहींत. प्रत्येकाचें म्हणणें ऐकून सभेचा कल काय तें चिटणीस तेथल्या तेथें लिहितो, वाचून दाखवितो, आणि सर्वांस पटलें तरच तें कायम होतें. मतभेद राहिला तर मंडळी पुन्हां स्तब्ध बसते, अथवा विषय पुढल्या सभेवर टाकते. यांत वेळ जातो हें खरें. परंतु जे सभेस नसतात, ज्यांस मत नसतें, त्यांच्याविषयीं विचार करावयास हाच वेळ उपयोगी पडतो. शेजाऱ्याशेजारीं पांच मिनिटें मुकाट्यानें बसून, नऊ मजले चढउतार करणाऱ्या आपल्या मावशीचा चेहरा डोळ्यांपुढें आणल्यावर किती हात वर राहिले असते, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

सर्वां भूतीं एकच आत्मा, हा सिद्धान्त आपण क्वेकरांपासून शिकावा असें मुळींच नाहीं. तो आपल्या घरचा आहे, आणि त्यांच्याहून फार जुना आहे. सायक्सबाईंपासून शिकावयाचें तें असें कीं, सिद्धान्त पाठ असणें निराळें आणि त्यानें सकाळची झाडलोट घडणें निराळें. सांजवात लावल्यावर घरांतील लहानथोरांनीं मिळून पांच मिनिटें स्तब्ध बसावें, मोबाईल व दूरदर्शन बंद ठेवावें, एवढा नेम आमच्या वाचकभगिनींनीं घरीं सुरू करून पाहावा. त्यास पैसा लागत नाहीं, पुरोहित लागत नाहीं, धर्म सोडावा लागत नाहीं. आणि महिन्याभरानें तो कट्ट्यावरचा पालथा पेला घरच्या पेल्यांत येऊन मिसळला, तर उपासना फळली असें खुशाल समजावें.