तीसपैकी सातवा ठसा

वडूजच्या बाजारपेठेला ठसा ही वस्तू नवी नाही. धान्याच्या पोत्यांवर मार्का उमटविण्याची लाकडी छाप जुन्या पेढ्यांच्या कोनाड्यांत अजूनही एखादी सापडते. येरळेच्या काठचा हा खटाव तालुका पर्जन्यछायेतला. येथे मोजून घेणे आणि मोजून देणे ही व्यापाराची रीत नव्हे, गरजच होती. त्यामुळे माझ्या पुतणीने पुण्याहून लाकडी ठशाचे एक चित्र आणले, तेव्हा घरातल्या सर्वांची नजर चित्रापेक्षा आधी त्याखालच्या आकड्यावर गेली. पेन्सिलीने लिहिले होते: ७/३०. तीस प्रतींपैकी सातवी.

अशा काष्ठठशांना चित्रकार ‘वुडकट’ म्हणतात. जे पांढरे राहावयाचे ते फळीतून कोरून काढावयाचे, उरलेल्या उंचवट्यावर रुळाने शाई फिरवावयाची आणि वर कागद ठेवून दाबावयाचा. कला जुनी, साधने थोडी. म्हणूनच ती रस्त्यावर रमली. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बटतला भागातील कारागीर देवादिकांची अशी चित्रे छापून अल्प दरात विकत. पुढे शिळाप्रेसची रंगीत चित्रे आली, पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली, आणि काष्ठठशांचे ते स्वस्त कागद मागे पडले. कोणी जपले नाहीत, म्हणून आज ते दुर्मिळ.

आजच्या रस्त्यावरील कलावंतांची दुर्मिळता निराळी आहे. न्यू यॉर्कची कॅलेडोनिया करी ‘स्वून’ या नावाने १९९९ च्या सुमारास भिंतींवर माणसांची पूर्णाकृती ठसाचित्रे चिकटवू लागली. मेक्सिकोतील ओआहाका शहरात २००६ च्या शिक्षक-आंदोलनात तरुण कलावंतांनी काष्ठठशांनी भिंती भरून टाकल्या. भिंतीवरचा कागद ऊनपावसाचा; तो कोणाच्याच मालकीचा नसतो. पण अशा कलावंतांच्या काही ठशांच्या मोजक्या, सहीच्या प्रती चांगल्या कागदावर निघतात आणि संग्राहक त्या विकत घेतात.

येथे व्यापाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. तीस प्रती काढून फळी झिजत नाही. शेकडो प्रती देण्याची तिची शक्ती असते. तीसवर थांबणे हा लाकडाचा गुण नव्हे, कलावंताचा शब्द होय. कित्येकजण शेवटची प्रत निघाल्यावर फळीवर आडवी रेघ कोरून तिला निकामी करतात. श्रावकाला हे अपरिचित वाटू नये. परिग्रहपरिमाण म्हणजे तरी दुसरे काय? सामर्थ्य असताना आपणच आखलेली मर्यादा. आणि ‘दुसऱ्या कागदावर’, ‘दुसऱ्या रंगात’ म्हणत जो आणखी तीस काढतो, त्याचे वर्तन पाहून तत्त्वार्थसूत्रातील ‘प्रमाणातिक्रम’ हा शब्द आठवतो. घेणाऱ्याने म्हणून सर्व कागद आणि सर्व रंग मिळून एकूण प्रती किती, हे बिलावर लिहून मागावे. त्यात संकोच कसला?

आमच्या आईने मात्र वेगळाच हिशेब मांडला. “त्यानं तीसवर थांबायचं ठरवलं. तू कितीवर थांबणार?” असे तिने नातीला विचारले. पोरगी हसली, पण रात्री तिने वहीत ‘बारा’ असा आकडा लिहिला. तेराव्याची इच्छा झाली तर आधी एक द्यावयाचे.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघे औंधला गेलो. औंध आपल्याच तालुक्यातले, आणि वडूजची कित्येक घरे तेथे यमाईच्या दर्शनाला जातात. पण मूळपीठाच्या डोंगरावरील श्रीभवानी संग्रहालयात डोकावणारे थोडे. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभारले. राजा रविवर्म्याची तैलचित्रे, किरातार्जुनीयाची पहाडी लघुचित्रे आणि हेन्री मूरचे माता व बालकाचे शिल्प एवढ्याशा गावात पाहावयास मिळावे, याचे नवल कमी होत नाही. मला अधिक मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. संग्रहालय उभारल्यानंतर थोड्याच महिन्यांत, १९३९ च्या प्रारंभी, याच राजाने स्वराज्याची घटना देऊन आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. ज्याने संग्रह वाड्याबाहेर नेला, त्यानेच आपल्या अधिकारालाही रेघ ओढली.

पुतणी त्या दालनांत बराच वेळ रेंगाळली. परतताना तिने जपणुकीचे विचारले. आम्लरहित कागद, थेट उन्हापासून दूर भिंत, काच आणि चित्र यांमध्ये थोडी पोकळी, एवढे मी सांगितले. कसरीसाठी विषारी गोळ्या नकोत. आपल्या ग्रंथभांडारांत पोथ्यांशेजारी घोडवजाच्या पुरचुंड्या ठेवीत, त्या पुरेत. श्रुतपंचमीला अथवा ज्ञानपंचमीला पोथ्या झटकून पाहतात, त्याच दिवशी ही पेटीही उघडावी.

तिच्याजवळ आता अकरा चित्रे आहेत. बारा भरल्यावर पहिले चित्र गावातल्या वाचनालयाला द्यावयाचे ठरले आहे. कोणते, ते तिने अजून सांगितलेले नाही. आईचे म्हणणे, सातव्या क्रमांकाचेच द्यावे. तेच तिला सर्वांत आवडते.